गुळाच्या पाण्यात ग्लायकोलिसिस: फुगा नेमकं काय दाखवतो?

ग्लायकोलिसिस म्हणजे पेशीनं साखर पायरीपायरीनं तोडून ऊर्जा मिळवणं. ते घरी पाहायचं, तर 10 ग्रॅम गूळ 100 मिली कोमट पाण्यात विरघळवून गाळा, त्यात सपाट चमचाभर, म्हणजे सुमारे 3 ग्रॅम, कोरडं यीस्ट ढवळा. अर्ध्या लिटरच्या बाटलीत ओतून तोंडावर फुगा चढवा. बूच अजिबात लावू नका; एवढ्या गुळातून दोन लिटरच्या आसपास वायू निघू शकतो, बाटली फुटेल. तुलनेला आणखी दोन बाटल्या ठेवा: एकीत गूळ नाही, दुसरीत यीस्ट आधी पाच मिनिटं उकळून गार केलेलं. हे दोन्ही फुगे पडूनच राहायला हवेत.

पाणी 35 ते 38 अंश हवं. कोल्हापूरची गुऱ्हाळं थंडीत चालतात, म्हणजे ताजा गूळ मिळतो तेव्हाच खोली गार असते. बाटली कोमट पाण्याच्या पातेल्यात ठेवा. गूळ गडद घ्या. पिवळाधमक दिसावा म्हणून हायड्रॉस (रंग उजळवणारं गंधकयुक्त रसायन) घातलेला असेल, तर उरलेलं सल्फाइट यीस्टचं काम रोखू शकतं.

आत काय चालतं? यीस्ट आधी उसाची साखर ग्लुकोज आणि फ्रुक्टोजमध्ये तोडतं. मग ग्लायकोलिसिसच्या दहा पायऱ्या. पहिल्या आणि तिसऱ्या पायरीत एकेक एटीपी (पेशीचं ऊर्जेचं चलन) खर्च होतो, चौथीत सहा कार्बनच्या रेणूचे तीन-तीन कार्बनचे दोन तुकडे पडतात. सातव्या आणि दहाव्या पायरीत मिळून चार एटीपी तयार होतात. निव्वळ कमाई दोन. उरतात पायरुव्हेटचे, म्हणजे त्या तीन-तीन कार्बनच्या तुकड्यांपासून बनलेले, दोन रेणू.

यात कार्बन डायऑक्साइड कुठंच नाही! इथंच बहुतेक जण घसरतात. फुगा फुगतो तो पुढच्या टप्प्यामुळं: पायरुव्हेटमधून वायू सुटतो, मग अल्कोहोल बनतं. हा टप्पा लागतोच, कारण सहाव्या पायरीत एनएडी (इलेक्ट्रॉन वाहून नेणारा रेणू) वापरलं जातं आणि अल्कोहोल बनताना ते परत मिळतं. ते परत मिळालं नाही तर सगळं तिथंच थांबेल. तालमीत जोर मारणाऱ्या पैलवानाच्या स्नायूत हीच अडचण लॅक्टेट बनवून सुटते, तिथं वायू निघत नाही.

अर्ध्या-पाऊण तासात फुगा उभा राहिला नाही, तर आधी फुग्याच्या तोंडाशी गळती पाहा. पाणी कढत होतं का? पन्नास-पंचावन्न अंशांपुढं यीस्ट मरतं. यीस्ट जुनं असू शकतं. गूळ भरमसाट घातला तरी बिघडतं, घट्ट पाक पेशीतलं पाणी ओढून घेतो. काकवी बरणीत टिकते ती यामुळंच. ओला चमचा बुडवत राहिलात, तर तीही फसफसते.