आठ तुकड्यांची शकुंतला: प्रदर्शनाला न्यायचा रेल्वे लेआउट कसा आखायचा, कसा न्यायचा

दारव्ह्यात माझं मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे. उन्हाळाभर विहिरीवरच्या मोटारी जळून येतात, मान वर करायला फुरसत नसते. पाऊस लागला की हात रिकामे होतात. त्या रिकाम्या दिवसांत मी आणि आमचे सुतारकाका मिळून शकुंतलेचा, म्हणजे आमच्याकडच्या यवतमाळ-मूर्तिजापूर या छोट्या रेल्वेलाइनचा, लेआउट (टेबलावर मांडायची छोटी चालती रेल्वे) बांधत आलो. आठ तुकडे, प्रत्येक चार फूट लांब आणि दीड फूट रुंद. शाळांची विज्ञान प्रदर्शनं, यात्रा, कृषी मेळावे, जिथून बोलावणं येतं तिथे तो छोट्या हत्तीतून, म्हणजे छोट्या टेम्पोतून, जातो.

ज्यांना असं काही करायचं आहे त्यांना पहिली गोष्ट सांगतो: रुळांचा नकाशा काढायच्या आधी टेप घेऊन गाडीवाल्याकडे जा. छोट्या हत्तीचा हौदा साधारण सात फूट लांब आणि पावणेपाच फूट रुंद असतो. मग शाळेच्या खोलीचं दार मोजा, ते बहुधा तीन फुटांचं निघतं. चार बाय दीड हे माप या दोन आकड्यांतून आलं. चार फुटांची पेटी हौद्यात आडवी बसते, आणि दीड-दीड फुटांच्या चार पेट्या एकीला एक लागून सहा फुटांत मावतात. उरलेल्या फूटभर जागेत पाय, दोऱ्या आणि हत्यारांची पेटी. एका पेटीत दोन तुकडे, म्हणजे एका खेपेत आठही तुकडे जातात. दुसरी खेप करावी लागली तर भाडंही दुप्पट आणि तुटफूटही दुप्पट.

आता काय दाखवायचं ते. शकुंतलेचा रूळ ७६२ मिलिमीटरचा, म्हणजे अडीच फुटी. १:८७ या प्रमाणात तो पावणेनऊ मिलिमीटर होतो, आणि ९ मिलिमीटरचा तयार रूळ बाजारात मिळतो. त्यामुळे गाडी, माणसं, झाडं सगळं १:८७ मध्ये करता येतं. पण यवतमाळ ते मूर्तिजापूर हे ११३ किलोमीटरचं अंतर त्याच प्रमाणात मांडायचं म्हटलं तर तेराशे मीटर लांब टेबल लागेल! म्हणून निवड करावी लागते. मी एक स्टेशन, एक जिनिंग (कापसातली सरकी काढायचा कारखाना), एक नाला आणि त्यावरचा पूल, बाकी पऱ्हाटीची शेतं घेतली. वऱ्हाडाचा कापूस मुंबईकडे जावा म्हणून ही लाइन टाकली होती, तेव्हा जिनिंगशिवाय शकुंतला दाखवली तर तिचं कारणच गाळल्यासारखं होतं. इंजिन दोन आहेत: एक डिझेलचं, आणि एक वाफेचं, झेडडी जातीचं. १९२१ साली मँचेस्टरला बांधलेलं झेडडी या लाइनवर एप्रिल १९९४ पर्यंत धावलं. म्हातारी माणसं त्याच इंजिनापाशी थांबतात.

दोन टोकांचे तुकडे मी सजवले नाहीत. ते पडद्यामागचे गाडीतळ आहेत, तिथे गाड्या उभ्या राहतात. मधले सहा तुकडे असे केलेत की कुठलाही कुठल्याही शेजारी जोडता येतो, कारण प्रत्येकाच्या दोन्ही टोकांना रूळ बरोबर मधोमध आणि काटकोनात संपतो. शेवटचे चार इंच वळण नाही, सांधा (गाडीचा रूळ बदलायची जागा) नाही. आठही लावले तर बत्तीस फूट होतात. मंगल कार्यालयात ते छान बसतात. पण झेडपीच्या वर्गात वीस फुटांवर काही मावत नाही. तिथे मी पाचच नेतो: दोन गाडीतळ, स्टेशन, जिनिंग आणि पूल. तुकड्यातुकड्यांचा लेआउट करण्यात हा खरा फायदा आहे. त्यासाठी बोलावणाऱ्याला आधीच खोलीची लांबी-रुंदी विचारून घ्या. "मोठी आहे हो" या उत्तरावर जाऊ नका, कुणाला तरी टेप घेऊन उभं करा. मागे चालवणाऱ्यांना अडीच फूट आणि पुढे बघ्यांना अडवणाऱ्या दोरीसाठी दीड फूट हवेत, हे त्या मापातून वजा करा.

चौकट १२ मिलिमीटरच्या प्लायची, वरचा पृष्ठभाग ६ मिलिमीटरचा. जाड फळी वापरण्याचा मोह होतो, पण भरलेली जोडपेटी १८ किलोच्या आत राहिली तरच दोन माणसं ती जिन्यावरून न आपटता नेतात. प्लायला सगळ्या बाजूंनी, आतून-बाहेरून, दोन हात रंग द्या. आमच्याकडे जूनमध्ये हवा एकदम बदलते आणि उघडा राहिलेला काठ फुगतो. एकदा काठ फुगला की शेजारच्या तुकड्याशी रूळ जुळत नाही.

रूळ जुळवणं हे सगळ्यात नाजूक काम. दोन तुकडे बोल्टने आवळले तर ते घट्ट बसतात, पण जागेवर बसतीलच असं नाही, कारण बोल्टच्या भोकात थोडी ढिलाई असतेच. म्हणून लेथवाल्याकडून पितळेच्या खुंट्या आणि त्यांच्या वाट्या करून घ्या, प्रत्येक जोडाला दोन. खुंटी तुकडे जागेवर आणते, बोल्ट फक्त धरून ठेवतो. तुकड्याच्या टोकाला रूळ नुसता खिळ्यावर सोडू नका. तांब्याचा थर असलेली सर्किटची पट्टी स्क्रूने बसवा आणि रूळ तिच्यावर सोल्डर करा. दोन रुळांच्या मधोमध पट्टीचं तांबं करवतीने कापायला विसरू नका, नाहीतर दोन्ही रूळ एकमेकांना चिकटून शॉर्ट होतील.

उन्हाचंही गणित आहे. हिवाळ्याच्या पहाटे १५ अंश, मे महिन्यात ४५. तेवढ्या फरकात चार फुटांचा रूळ अर्ध्या मिलिमीटरहून थोडा जास्तच वाढतो. दोन्ही टोकं सोल्डर केलेली असली तर तो जाणार कुठे? मधे कमान धरतो आणि डबे घसरतात. म्हणून प्रत्येक तुकड्याच्या मधोमध रूळ एक मिलिमीटर कापून ठेवा आणि कापाच्या दोन्ही बाजूंना वेगळी वायर द्या. तसंच ग्लू गनच्या गोंदाने घरं चिकटवू नका. बंद गाडी उन्हात तासभर उभी राहिली की तो मऊ पडतो. आमचं स्टेशन मास्तरच्या खोलीसकट असंच कलंडलं होतं. आता सगळी घरं स्क्रूवर आहेत.

माती आपल्याच शेतातली वापरावी, रंग दुसऱ्या कशाने येत नाही. वाळवून, पातळ कापडातून चाळून घ्या आणि मग तिच्यातून लोहचुंबक दोन-तीनदा फिरवा. आपली काळी माती बसाल्टची, तिच्यात लोहाचे बारीक कण निघतात. ते इंजिनाच्या मोटारीत शिरले की मोटार गेली. आमच्याकडे दुसरा शत्रू म्हणजे रुई. जिनिंगच्या हंगामात हवेत उडणारा तंतू चाकांच्या आसाभोवती गुंडाळतो. दर दोन तासांनी एक गाडी उलटी करून चिमट्याने आस साफ करतो. म्हणूनच डबे कापसात गुंडाळून कधीच नेऊ नका. जाड फोममध्ये खाचा कापा. झाडांसाठी मात्र आमच्या धंद्याचा माल कामी आला: जळालेल्या मोटारीची तांब्याची तार पिळली की बाभळीचा हुबेहूब सांगाडा होतो, आणि प्रवासात वाकला तर हाताने सरळ होतो.

तारांच्या बाबतीत मी कडक आहे. एका तुकड्यातून दुसऱ्यात वीज नेण्यासाठी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला असतो तो सात पिनी प्लग-सॉकेट लावलाय. उलटा बसत नाही, धक्का लागून निघत नाही, आणि कुठल्याही तालुक्याच्या गावी मिळतो. डावीकडे नेहमी प्लग, उजवीकडे नेहमी सॉकेट. घरातला तीन पिनी प्लग या कामाला कधीही वापरू नका. मदतीला आलेलं एखादं पोट्टं तो सरळ भिंतीत खोचेल, आणि मग २३० व्होल्ट रुळावर. गाडीला लागतात फक्त १२ व्होल्ट, एका छोट्या इंजिनाला अर्धा अँपिअरही नाही. म्हणून आम्ही मोटारसायकलच्या बॅटऱ्यांवर चालवतो, प्रत्येकीला फ्यूज लावून. मांडवातल्या जनरेटरचा व्होल्टेज कसा उड्या मारतो ते मी रोज दुकानात जळालेल्या मोटारींवर बघतो.

नेण्याची पद्धत मी नुकसान सोसून शिकलो. पहिल्यांदा यवतमाळला गेलो तेव्हा तुकडे एकावर एक ठेवून मधे गोधड्या घातल्या होत्या. चाळीसेक किलोमीटरचा रस्ता. पोचलो तेव्हा पाण्याची टाकी चपटी झाली होती आणि तीन तुकड्यांच्या टोकांचे रूळ उखडले होते. सुतारकाका काही बोलले नाहीत, नुसते टाकीकडे बघत बसले. आता दोन तुकडे तोंडाला तोंड लावून धरतो आणि दोन्ही टोकांना २१ इंच बाय १८ इंचांच्या फळ्या त्याच खुंट्या-बोल्टांनी बसवतो. झाली पेटी. सजावट आत, रुळांची टोकं फळीमागे झाकलेली. या हिशेबाने कुठलंही घर सहा इंचांपेक्षा उंच नको. जिनिंगचं धुरांडं उंच आहे, ते काढून वेगळं ठेवतो. पेट्यांखाली फोम, वर ताडपत्री, आणि आवळायला रॅचेटचे पट्टे. सुतळी गतिरोधकावर सैल पडते. इंजिन आणि डबे हौद्यात नाहीत, केबिनमध्ये मांडीवर.

पोचल्यावर जमिनीचा सगळ्यात उंच कोपरा शोधा आणि तिथून सुरुवात करा, कारण पायाखालचा बोल्ट फिरवून पाय लांब करता येतो, कमी करता येत नाही. पातळीसाठी गवंड्याचा लेव्हल पाईप घ्या. बत्तीस फुटांवर त्याच्याइतकं खरं काही सांगत नाही. रुळाची उंची मी तीन फूट ठेवली आहे. शहरात याहून उंच मांडतात, पण तिसरी-चौथीच्या लेकरांना गाडी खिडकीच्या बाजूने दिसली पाहिजे, छपरावरून नाही.

माणसं किमान चार लागतात: एक चालवणारा, एक गाडीतळावर, एक दोरीपुढे उभा राहून बोलणारा, एक जेवायला गेलेला. बोलणारा सगळ्यात महत्त्वाचा. एक गाडी गेली की मिनिटाभरात दुसरी निघाली पाहिजे, पण एखादी आजी "हे तं आपली शकुंतला व्हय!" म्हणून थांबली, तर चालवणाऱ्याला खूण करून गाडी स्टेशनात उभी करायची. कोण कुठल्या स्टेशनावर चढायचं, डब्यात काय काय नेलं जायचं, हे ती आपणहून सांगते. त्या वेळी मिनिटाचा हिशेब सोडून द्यायचा आणि ऐकायचं. आमच्या स्टेशनातलं पाण्याचं मडकं आणि त्याच्या शेजारची बसायची फळी अशाच सांगण्यातून आली.

आवरताना घाई होते, मांडववाला घाई करतो. तरी क्रम सोडायचा नाही. आधी गाड्या फोममध्ये आणि मोजून, मग धुरांडं आणि झाडं, मग तारा, शेवटी बोल्ट. प्रत्येक टोकाच्या फळीवर आतून रंगाने लिहिलंय: कुठले दोन तुकडे, कुठली बाजू वर, हौद्यात कितवी. गाडीतळ आधी मांडायचे असतात, म्हणून ती पेटी सगळ्यात शेवटी चढते. घरी आलं की त्याच रात्री पेट्या उघडत नाही. सकाळी उजेडात सुतारकाका येतात, मी वही घेऊन बसतो, आणि काय हललं, काय निखळलं ते तुकड्याच्या नंबरासमोर लिहून घेतो. मागच्या खेपेची नोंद आहे: तुकडा ४, पुलाचा कठडा, डावी बाजू.