हुंदका आधी, पाणी नंतर: ठरलेल्या वाक्याला नट रडतात कसे

हौशी नाटकाच्या तालमीत मला सगळ्यात जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न एकच आहे: "दादा, मला रडूच येत नाही, काय करू?" विचारणारा बहुतेक वेळा आदल्या रात्री आरशासमोर तासभर बसून आलेला असतो. भुवया आक्रसून झालेल्या असतात, ओठ थरथरवून झालेले असतात, आणि डोळे मात्र ठणठणीत कोरडे.

यात त्याचं काही चुकलेलं नसतं. प्रत्येक डोळ्याच्या वर, बाहेरच्या कोपऱ्याकडे, बदामाच्या आकाराची अश्रुग्रंथी असते. हात उचलावा तसा तिला थेट हुकूम देता येत नाही. पण श्वास कसा घ्यायचा, नजर कुठे ठेवायची, मन कशात गुंतवायचं, हे आपल्या हातात असतं आणि ग्रंथीपर्यंत जाणारी वाट तिथूनच निघते. नाट्यशास्त्रात अश्रू हा आठ सात्त्विक भावांपैकी, म्हणजे मनातलं शरीरावर उमटतं त्या खुणांपैकी, एक मानलेला आहे, आणि सत्त्व एकाग्र मनातून येतं असं तिथे म्हटलं आहे. इतक्या वर्षांच्या तालमींनंतर मला यापेक्षा नेमकं उत्तर मिळालेलं नाही.

आधी संहितेत जागा शोधा

पेन्सिल घ्या आणि अख्खा प्रवेश वाचा. पात्राला रडू कुठे येतं यापेक्षा ते कुठपर्यंत आवरलं जातं, हे शोधा. खऱ्या आयुष्यात माणूस रडण्याचा प्रयत्न करत नाही, न रडण्याचा करतो. पाहुण्यांसमोर, मुलांसमोर, डॉक्टरांसमोर तो आवंढा गिळतो, विषय बदलतो, उगाच भांडी आवरायला घेतो. ज्या शब्दावर हा बांध फुटतो, त्याखाली रेघ मारा. त्या शब्दाआधीची सगळी वाक्यं आवरण्याची आहेत.

शरीर मोकळं करा

जबडा, मान आणि खांदे ताणलेले असतील तर काहीच घडत नाही. पाणी प्या. दोन-तीन मोठ्या जांभया द्या. जांभईने डोळ्यांत ओल येते हे तुम्ही अनुभवलं असेलच. ओठ मिटून जांभई दाबली की घशामागे जो ताण जाणवतो, तो रडू दाबतानाच्या ताणाच्या अगदी जवळचा असतो. तो ओळखीचा करून घ्या. सर्दीची किंवा अॅलर्जीची काही औषधं डोळे कोरडे करतात, त्यामुळे सकाळी अशी गोळी घेतली असेल तर दिवसभर स्वतःला दोष देत बसू नका.

श्वास

ही पायरी लोक सोडून देतात आणि थेट आठवणींकडे धावतात. रडणाऱ्या लहान मुलाकडे नीट पाहा. श्वास आत घेताना तो दोन-तीन तुकड्यांत तुटतो, छातीच्या वरच्या भागात अडकतो आणि बाहेर पडताना थरथरतो. तसाच श्वास घ्या. तोंडाने छोटे छोटे तीन श्वास आत, क्षणभर थांबा, मग हळू सोडा. पाच-सहा वेळा पुरे, जास्त केलंत तर गरगरेल. सोबत पापण्या न मिटता नजर एका जागी ठेवा. डोळ्याचा पृष्ठभाग कोरडा पडला की शरीर आपणहून पाणी सोडतं. हे झोंबण्याचं पाणी झालं, दुःखाचं नव्हे, पण डोळा ओला झाला आणि श्वास तुटलेला असला की मन त्यांच्या मागे येतं. पाण्याचा निचरा आतल्या कोपऱ्यातून नाकात होतो, म्हणून नाक वाहायला लागेल. वाहू द्या. सुंदर दिसत रडणं कुणालाच पटत नाही.

आठवण की वस्तू?

रशियन दिग्दर्शक स्तानिस्लाव्स्की यांनी नटाच्या भावस्मृतीवर, म्हणजे स्वतःच्या जुन्या अनुभवातली भावना पुन्हा जागवण्यावर, मोठं काम केलं आणि उत्तरायुष्यात त्यांचा भर शारीरिक कृतींकडे वळला. अमेरिकेत अभिनयाचे शिक्षक ली स्ट्रासबर्ग यांनी भावस्मृतीचाच मार्ग पुढे नेला, पण निदान सात वर्षं जुनाच अनुभव वापरा, असं ते सांगत. ताजी जखम उघडू नका, एवढं तरी नक्की पाळा. आठवण वापरायचीच असेल तर "आजी गेली" हे वाक्य मनात घोळवून उपयोग नाही. आजीच्या लुगड्याचा वास, उशाशी राहिलेली चंची, खिडकीतून येणारा उजेड, असं इंद्रियांना जाणवणारं काहीतरी घ्या.

माझा स्वतःचा कल मात्र वस्तूकडे आहे. एका एकांकिकेत वडिलांच्या तेराव्याला आलेल्यांना मुलगी चहा देते, असा प्रवेश होता. "बाबांना साखर कमी लागायची" या वाक्यावर तिला रडायचं होतं. तीन दिवस ती झटली, काही होईना. चौथ्या दिवशी मी तिला म्हटलं, "रडू नकोस. फक्त चहा ओत. माणसं पाच आहेत, पण सवयीने सहावा कप भर. भरून झाल्यावर तुला कळू दे." तिने पाच कप भरले, सहावा भरला, उचलला आणि थांबली. कप बशीवर किणकिणायला लागला. तो आवाज कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून तिने दुसरा हात कपावर ठेवला, चहा गरम होता तरी काढला नाही. मग ते वाक्य आलं, अगदी साधं, आणि डोळे भरले. पुढच्या प्रयोगांत पाणी दरवेळी आलं असं नाही. किणकिण आणि तो हात मात्र दरवेळी होता, आणि प्रेक्षागृह दरवेळी गप्प होत होतं.

नाटकात पंधराव्या रांगेला तुमचे अश्रू दिसतच नाहीत. तिथे पोचतो तो आवाज, आणि दिसते ती पाठीची ठेवण. म्हणून रडतानाही शब्दाचं शेवटचं अक्षर गिळू नका. घसा आवळला तर श्वास पोटातून घ्या.

कॅमेऱ्यासमोर

इथे गणित बदलतं. मालिकेच्या सेटवर एकच सीन आधी मास्टरमध्ये, म्हणजे सगळा प्रवेश दिसेल अशा लांबच्या शॉटमध्ये, मग समोरच्याच्या क्लोजअपला, मग तुमच्या क्लोजअपला असा पुन्हा पुन्हा होतो, आणि अश्रू प्रत्येक वेळी त्याच वाक्याला हवा असतो. सगळा साठा मास्टरलाच संपवू नका. तुमचा क्लोजअप कधी आहे ते आधीच विचारून ठेवा.

ग्लिसरीन वापरण्यात कमीपणा काहीच नाही. ते दाट असल्यामुळे थेंब गालावरून हळू उतरतो आणि लाइटमध्ये ठळक दिसतो. मेंथॉलची कांडी असेल तर ती डोळ्यात घालायची नाही. खालच्या पापणीच्या बरीच खाली, गालाच्या हाडावर पुसटशी फिरवली की वाफेनेच पाणी येतं. दोन्ही गोष्टी मेकअपदादांच्या हातूनच करून घ्या, त्याआधी कॉन्टॅक्ट लेन्स काढा, आणि घरातला डोकेदुखीचा बाम या कामाला कधीच वापरू नका. कांदाही नको. तो झोंबायला लागला की थांबायचं कधी हे तुमच्या हातात राहत नाही.

प्रवेश संपल्यावर

शरीराला हे नाटक होतं हे कळत नाही. श्वास खरा तुटलेला असतो, छाती खरी भरलेली असते. विंगेत आल्यावर लगेच मोबाइल हातात घेऊ नका. गार पाण्याने तोंड धुवा, वेश उतरवा, श्वास आत जेवढा घ्याल त्याच्या दुप्पट वेळ बाहेर सोडा आणि चार पावलं चाला. त्या मुलीने एक सवय लावून घेतली होती. पडदा पडला की ती स्वतः जाऊन तो सहावा कप विसळायची, पुसायची, आणि सामानाच्या पेटीत उपडा ठेवायची. मग रंगपटात यायची आणि पहिल्यांदा विचारायची, "खायला काय आहे?"