शेगडीच्या दाराच्या बिजागऱ्यांसाठी वंगण कसे पारखावे

लाकूड जाळण्याच्या बंदिस्त लोखंडी शेगडीचे दार करकरू लागले की हाताशी असेल ते तेल बिजागरीवर सोडले जाते आणि दार लगेच हलके फिरू लागल्यामुळे काम फत्ते झाल्यासारखे वाटते. थंड बिजागरीवर कोणतेही तेल चालते. पारख करायची ती तेल जळून गेल्यावर मागे काय उरते याची. साधे लिथियम ग्रीस सुमारे १८० ते २०० अंश सेल्सिअसला पातळ होऊन गळू लागते, म्हणून ते यादीतून आधीच वगळावे. टेफ्लॉनयुक्त फवारेही नकोत, कारण २६० अंशांपलीकडे ते वापरण्याजोगे राहत नाहीत आणि फार तापल्यास विषारी वाफा सोडतात.

उरतात ते मुख्यतः दोन पर्याय: ग्रॅफाइटची कोरडी पूड आणि तांबे किंवा निकेलयुक्त अँटी-सीझ पेस्ट, म्हणजे धातूचे भाग एकमेकांत जाम होऊ नयेत म्हणून लावायचा लेप. पेस्टमधले तेल केवळ वाहक असते. ते जळाले तरी धातूचे व ग्रॅफाइटचे कण पिनेवर टिकून राहतात.

शेगडी पूर्ण थंड असताना, दुसऱ्या माणसाच्या मदतीने दार उचलून काढावे, कारण काचेसह ते चांगलेच जड असते. पीन वाकलेली असेल किंवा दार एका बाजूला उतरले असेल, तर दोष वंगणाचा नाही, आणि तो आधी दुरुस्त केल्याशिवाय चाचणीला अर्थ नाही. पीन आणि तिचे भोक तारेच्या ब्रशने घासून, जुना थर व गंज काढून, कोरड्या फडक्याने पुसून घ्यावे.

वरच्या बिजागरीला एक आणि खालच्या बिजागरीला दुसरे वंगण लावून तुलना करण्याचा मोह टाळावा. वरची बिजागरी सहसा जास्त तापते, आणि दार एकसंध फिरत असल्याने जोर कोणत्या बिजागरीवर लागतो ते कळत नाही. दोन्हींना एकच वंगण पातळ लावावे. दुसऱ्याची पाळी पुन्हा साफसफाई करून मगच यावी.

मुठीला ताणकाटा (ओढण्याचा जोर दाखवणारा स्प्रिंगचा काटा) अडकवून, दार अर्धे उघडे असताना ते हलवायला किती जोर लागतो ते नोंदवावे. बंद दारापासून मोजल्यास दाराची फट बंद करणाऱ्या कडेच्या दोरीची, म्हणजे गॅस्केटची, पकडही त्यात मिसळते. ही नोंद वंगण लावण्यापूर्वी, लावल्यावर लगेच आणि त्यानंतर प्रत्येक वेळी शेगडी पेटवून पूर्ण निवल्यावर घ्यावी. बिजागरीचे तापमान इन्फ्रारेड थर्मामीटरने मोजायचे असेल, तर काळ्या रंगाच्या भागावर मोजावे. चकचकीत धातूवर आकडा खऱ्यापेक्षा बराच कमी दिसतो. पहिल्या जाळाच्या वेळी पेस्ट धुरावते, तेव्हा खिडक्या उघड्या ठेवाव्यात.

काही जाळांनंतर जोराचा आकडा स्थिरावला की पीन बाहेर काढून पाहावी. तिच्यावर करडा किंवा तांबूस, बोटाला गुळगुळीत लागणारा थर असेल तर वंगण ठेवावे. नखाने खरवडावी लागणारी काळी खपली धरली असेल, तर ताणकाट्याचा आकडा चांगला असला तरी ते बाद करावे, कारण तीच खपली पुढे पीन जाम करते.