बेसिलला तुळशीचा मान देऊ नका

माझं पहिलं बेसिल भक्तिभावाने मेलं. नर्सरीतून आणलेलं टवटवीत रोप, पानं खुडायला हात धजेना. त्यात सासूबाई दारातून म्हणायच्या, "आज द्वादशी आहे गं, तुळस तोडू नये." महिनाभरात शेंड्याशेंड्याला मंजिऱ्या आल्या, खालची पानं गळली आणि कुंडीत नुसत्या काड्या उरल्या. आता सहा वर्षं आमच्या पुण्यातल्या पश्चिमेच्या गॅलरीत बेसिल टिकून आहे, ते कात्रीमुळे.

तुळस आणि बेसिल चुलत बहिणी. बेसिलची सख्खी बहीण म्हणजे सब्जा. फालुद्यात घालतो ते सब्जाचं बी बेसिलच्याच जातीचं, ऑसिमम बॅसिलिकम. किराणा दुकानातलं ताजं बी पेरलं तरी बहुतेक वेळा उगवतं. पानं मात्र लहान आणि वासाला उग्र. पास्त्यासाठी मोठ्या, मऊ पानांचं हवं असेल तर इटालियन, म्हणजे जेनोव्हीज जातीचं पाकीट घ्या.

पेरणी पाऊस ओसरल्यावर, ऑक्टोबरच्या मध्याला. पावसाळ्यात मी दोनदा हट्ट केला. दोन्ही वेळा रोपं बुडाशी कुजली. माती, गांडूळखत आणि कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) सारख्या प्रमाणात घ्या. कुंडी आठ-दहा इंची, खाली भोक हवंच. माती आधी भिजवा, मग चिमटीभर बी भुरभुरवा आणि वर मातीचा नुसता हात फिरवा. थोड्याच वेळात प्रत्येक बी बुळबुळीत, राखाडी होतं. बुरशी समजून घाबरू नका, सरबतात फुगतं तसंच ते इथे फुगलेलं असतं. एकदा असं झालं की बी हलवायचं नाही. तांब्याने पाणी ओतलंत तर सगळं एका कोपऱ्यात गोळा होईल, म्हणून फवाराच मारा. आठवड्याभरात अर्धचंद्रासारखी दोन-दोन पानं वर येतात. कुंडीत तीनच रोपं ठेवा. बाकीची शेजारी द्या, नाहीतर सगळीच उपाशी राहतील.

पाणी सकाळी, बोट मातीत खुपसून बघून. दुपारी माना टाकलेल्या दिसल्या म्हणून लगेच पाणी घालू नका. पुष्कळदा ऊन उतरलं की ती आपोआप उभी राहतात. मार्चपासून माझ्या कुंड्या दुपारी दोननंतर हिरव्या जाळीआड जातात.

आता कात्री. पानांच्या चार जोड्या झाल्या की वरचा शेंडा छाटायचा. खालून दुसऱ्या जोडीच्या अगदी वर, पेराला धक्का न लावता. त्या जोडीच्या बेचक्यांतून दोन फुटवे येतात. दोन-तीन आठवड्यांनी त्यांचेही शेंडे घ्या. एकाचे दोन, दोनाचे चार. लोक उलटं करतात: शेंडा ठेवतात आणि खालची मोठी पानं ओरबाडतात. ती पानंच तर रोपाला पोसतात! मंजिरी दिसली की त्याच दिवशी खुडा. फुलोरा आला की नवी पानं कमी होतात आणि चव कडवट होते. हे मी सासूबाईंना समजावत होते, तर त्या शांतपणे म्हणाल्या, "मंजिऱ्या खुडल्याशिवाय तुळससुद्धा डवरत नाही. तू विचारलंस कधी?"

छाटलेले शेंडे पाण्याच्या पेल्यात ठेवा. आठ-दहा दिवसांत मुळं फुटतात आणि नवी कुंडी फुकटात तयार होते. स्वयंपाकासाठीची जुडीही अशीच ओट्यावर ठेवा. फ्रिजच्या गारठ्यात पानं काळी पडतात.

आमचा पेस्टो: दोन मुठी पानं, मूठभर भाजून सोललेले शेंगदाणे, लसणाच्या दोन पाकळ्या, मीठ, किसलेलं चीज आणि ऑलिव्ह तेल. इटलीतल्या जेनोवात यात पाइन नट्स, पार्मेजान आणि पेकोरिनो घालतात. इथे पाइन नट्सच्या जागी चालणाऱ्या चिलगोज्याचा भाव ऐकला आणि मी शेंगदाण्यांकडे वळले. खलबत्त्यात वाटलंत तर उत्तम. मिक्सरमध्ये पानं तापून काळपट होतात, म्हणून भांडं आधी पंधरा मिनिटं फ्रीजरमध्ये ठेवते आणि थांबत-थांबत फिरवते. गरम पदार्थात पानं घालायची ती गॅस बंद केल्यावरच. सासूबाई हा पेस्टो "बिनमिरचीची चटणी" म्हणून भाकरीबरोबर खातात. तुळस लसणाबरोबर वाटतेस, हा आक्षेप त्यांनी दोन वर्षांपूर्वी मागे घेतला.

फेब्रुवारीत सब्जाचं एक रोप फुलू देते. मधमाश्या दिवसभर तिथेच असतात. मंजिऱ्या तपकिरी, खडखडीत झाल्या की तळहातावर चोळून सुपात पाखडायच्या. जवळच इटालियन बेसिल फुललं असेल तर या बियांतून भलतंच काही उगवू शकतं, म्हणून पेरायचं बी पाकिटातलं आणि हे सरबताचं. पेलाभर पाण्यात चमचाभर बी वीस मिनिटं भिजवून लिंबू सरबतात घाला. पण कोरडं बी पोरांना तोंडात टाकू देऊ नका, ते घशातच फुगतं.