मोटारसायकलमध्ये कारचे तेल का घालू नये
आपल्याकडच्या बहुतेक मोटारसायकलींत इंजिन, गिअर आणि क्लचच्या प्लेटी एकाच तेलावर चालतात, त्यामुळे घरात उरलेले कारचे तेल त्यांत ओतण्याची काटकसर महागात पडते. अशा तेलात अनेकदा घर्षण कमी करणारी रसायने असतात आणि त्यांनी क्लच घसरू लागतो. चढावर इंजिनचा आवाज वाढतो, पण गाडी ओढत नाही, ही त्याची खूण. म्हणून डब्यावर ‘जासो एमए’ (JASO MA) किंवा ‘एमए२’ ही अशा क्लचला चालणाऱ्या तेलाची जपानी मानकाची खूण छापलेली आहे ना, हे पाहावे. ‘एमबी’ गिअर नसलेल्या स्कूटरसाठी असते. तेलाचा दाटपणा १०डब्ल्यू-३० हवा की २०डब्ल्यू-५०, हे मेकॅनिकच्या सवयीवर न सोडता गाडीच्या पुस्तिकेनुसार ठरवावे. जुने तेल काढताना ते बोटांत चोळून पाहावे: बारीक करडी पूड ही नेहमीची झीज असते, परंतु टोचणारे धातूचे कण लागले, तर गिअरबॉक्स उघडून तपासून घ्यावा.