पाच कंट्रोल, तीन मदतनीस

ग्रोव्हर, म्हणजे क्वांटम कॉम्प्युटरवर शोध घेण्याची रीत, लिहिणाऱ्या बहुतेक पोरांचं सर्किट एकाच जागी फुगतं: भरपूर कंट्रोल असलेला नॉट, म्हणजे सगळे कंट्रोल एक असतील तरच टार्गेट उलटवणारा गेट. मी चेंबूरच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात डिजिटल इलेक्ट्रॉनिक्स शिकवते आणि शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टांत हल्ली क्वांटमवाला एखादा असतोच. "मॅडम, ट्रान्सपाइल केल्यावरचा काउंट बघा ना," म्हणत लॅपटॉप पुढे येतो; ट्रान्सपाइल म्हणजे सर्किट चिपच्या मूळ गेटांत उतरवणं. मी आधी विचारते, काउंट कशाचा? आजच्या चिपवर चालवणार असाल तर सीनॉट (एकाच कंट्रोलचा नॉट) मोजा, कारण चूक तिथे जास्त शिरते. एरर करेक्शन असलेल्या मशीनचा हिशेब करत असाल तर टी गेट (क्यूबिटची फेज, म्हणजे लाटेसारखा कोन, 45 अंशांनी फिरवणारा) मोजा, तिथे महाग तेच. दोन्ही एकत्र मोजून काही कळत नाही.

आता पाच कंट्रोल क०, क१, क२, क३, क४ आणि एक टार्गेट घ्या. मदतनीस क्यूबिट (म्हणजे मधली उत्तरं ठेवायला घेतलेला जादा क्वांटम बिट) नसेल, तर पाठ्यपुस्तकी पद्धतीत गेटची संख्या कंट्रोलच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. शून्यावर असलेले तीन मदतनीस घ्या: म०, म१, म२. क० आणि क१ चा टॉफोली (दोन कंट्रोलचा नॉट) म० वर. म० आणि क२ चा म१ वर. म१ आणि क३ चा म२ वर. मग म२ आणि क४ चा टार्गेटवर. आपण दोन इनपुटचे अँड गेट ओळीने जोडतो तसंच हे. आणि यानंतर पहिले तीन टॉफोली उलट्या क्रमाने पुन्हा लावायचे.

मुलं गाळतात ती ही परतीची वाट. "उत्तर तर आलं टार्गेटवर!" आलं, पण मदतनीस कंट्रोलशी एन्टँगल होऊन (त्यांच्या अवस्थेत गुंतून) बसले. ग्रोव्हरचा पुढचा टप्पा इंटरफेरन्सवर (अवस्था एकमेकींना वाढवतात किंवा खोडतात त्यावर) चालतो, आणि मदतनीसात जरा जरी माहिती उरली तरी तो मोडतो. आपल्याकडे शेजारणीचा डबा रिकामा परत करत नाहीत, काहीतरी घालून देतात. इथे उलटं, डबा रिकामाच परत गेला पाहिजे. काम करा, उत्तर उतरवून घ्या, मग केलेलं काम उलटं फिरवा, हा मार्ग चार्ल्स बेनेट यांनी 1973 मध्ये उलट फिरवता येणाऱ्या गणनेसाठी मांडला होता. फायदा आणखी एक: रिकामे झालेले तेच तीन मदतनीस पुढच्या गेटलाही वापरता येतात.

एकूण सात टॉफोली झाले. एका टॉफोलीला सहा सीनॉट आणि सात टी, म्हणजे 42 सीनॉट, 49 टी. इथे थांबू नका. मदतनीसावर लागणारे सहा टॉफोली पूर्ण शुद्ध असायची गरजच नाही. त्यांच्या जागी आरसीसीएक्स, म्हणजे फेज थोडी चुकवणारा स्वस्त टॉफोली, लावा (किस्किट या क्वांटम प्रोग्रामिंगच्या लायब्ररीत तयार मिळतो), त्याला तीन सीनॉट आणि चार टी पुरतात. तो काही अवस्थांना जादा फेज चिकटवतो, पण परतताना त्याचाच उलटा गेट लावला की ती फेज निघून जाते, कारण मधल्या काळात कंट्रोल बदललेले नसतात. आता हिशेब 24 सीनॉट आणि 31 टी. टार्गेटवरचा मधला टॉफोली मात्र खराच ठेवा. त्याला परतीची जोडी नाही, त्याची फेज तशीच राहील.

टी आणखी कमी करायचे तर मापन वापरा. क्रेग गिडनी यांनी 2018 मध्ये न बिटांच्या बेरजेच्या सर्किटचे टी गेट याच युक्तीने साधारण 8न वरून 4न वर आणले. रिकाम्या मदतनीसावर अँड चार टी मध्ये बसतो. मिटवताना हॅडमार्ड (शून्यावरच्या क्यूबिटला सुपरपोझिशनमध्ये, म्हणजे शून्य-एकच्या समान मिश्रणात, नेणारा गेट) लावून मदतनीस मोजायचा, आणि उत्तर एक आलं तरच त्याच्या दोन इनपुटांवर सीझेड (दोन्ही एक असतील तर फेजचं चिन्ह उलटवणारा गेट). परतीला टी शून्य. आपल्या उदाहरणात चौथा मदतनीस घेऊन चार अँड करा, टार्गेटवर एक सीनॉट, की 16 टी मध्ये काम झालं. अर्थात मधेच मोजून त्यावर पुढचा गेट ठरवणारं मशीन हवं.

रिकामे क्यूबिट शिल्लक नसतील तर दुसऱ्या कामातले, आत काहीही असलेले तीन क्यूबिट उसने घेता येतात. त्याला पाच कंट्रोलसाठी बारा टॉफोली लागतात, सात नाही. मी हा मार्ग नाइलाज झाल्यावरच सुचवते.

तीन कंट्रोलच असतील तर हा खटाटोप करू नका. मदतनीसाशिवाय 14 सीनॉटमध्ये होतं, मदतनीस घेऊन 12. तो मदतनीस चिपवर लांब पडला आणि एक स्वॅप (दोन क्यूबिटांची अदलाबदल) लागला, की तीन सीनॉट गेले आणि आपण तोट्यात. कुलाब्याच्या टीआयएफआरमध्ये (टाटा मूलभूत संशोधन संस्थेत) डीआरडीओबरोबर तपासलेला प्रोसेसर सहा क्यूबिटचा आहे. तेवढ्यात चार कंट्रोल आणि टार्गेट ठेवलं तर एकच जागा उरते, आणि ही साखळी मागते दोन. म्हणून कागदावर आधी क्यूबिट मोजा, कुठला कुणाशेजारी आहे ते पाहा, मग गेट.

तपासणी सिम्युलेटरवर करा, पण कंट्रोलचे 32 इनपुट एकेक करून पाहून समाधान मानू नका. फेजची चूक त्यात दिसत नाही. सगळे कंट्रोल आणि टार्गेट हॅडमार्डने सुपरपोझिशनमध्ये न्या, तुमचं सर्किट चालवा, लगेच साध्या सात टॉफोलींचं सर्किट उलटं चालवा, पुन्हा हॅडमार्ड. मदतनीसांसकट सगळे क्यूबिट प्रत्येक शॉटला (सर्किट चालवण्याच्या प्रत्येक खेपेला) शून्यच आले पाहिजेत. एखादा शॉट जरी वेगळा आला तर मधल्या टॉफोलीच्या जागी आरसीसीएक्स गेलाय का ते आधी बघा.