मांसाहार सोडल्यानंतरची धाप

मांसाहार सोडल्यानंतर काही महिन्यांनी जिना चढताना धाप लागू लागली आणि रक्ततपासणीत लोह कमी निघाले. डाळी व पालेभाज्या पानात रोज होत्याच. परंतु वनस्पतींमधील लोह मांसातील लोहाइतके सहज शोषले जात नाही आणि जेवणालगतचा चहा त्यात आणखी अडथळा आणतो, असे डॉक्टरांनी समजावून सांगितले. तेव्हापासून मी चहा जेवणानंतर तासाभराने घेऊ लागलो (चहा सोडणे माझ्याच्याने झाले नसते) आणि क जीवनसत्त्व लोहाचे शोषण वाढवते म्हणून डाळीवर लिंबू पिळू लागलो. लोहाच्या गोळ्याही सुरू होत्याच. पुढच्या तपासणीत लोह सुधारले. मांसाहार सोडल्यावर बी-१२ जीवनसत्त्वही कमी पडू शकते, पण त्याचा साठा शरीराला बराच काळ पुरत असल्याने त्याची कमतरता उशिरा कळते. त्याची गोळी मी आधीच सुरू केली आहे.